फाउंडेशन नारिंगी दिसतंय, घरच्या घरी शेड सुधारता येईल का?

चाफेकळी
मंडळी, मदत हवी आहे. नणंद दुबईहून आली तेव्हा माझ्यासाठी एक महागडं लिक्विड फाउंडेशन घेऊन आली. इतक्या प्रेमाने आणलंय, सीलही तिनेच हौसेने फोडलं, त्यामुळे परत करायचा प्रश्न नाही. माझा रंग गव्हाळ. बाटलीत बघितलं तर शेड अगदी बरोबर वाटते. लावल्यावरही थोडा वेळ ठीक. पण मुलुंडहून लोकल पकडून परळला ऑफिसात पोचेपर्यंत चेहरा नारिंगी आणि मान वेगळीच कोणाची तरी.

आता मावसबहिणीचं लग्न आहे दादरला. नणंद येणार, म्हणजे हेच लावणं भाग आहे :) व्हिडिओंमध्ये कोणी पांढरं फाउंडेशन मिसळा म्हणतं, कोणी मॉइश्चरायझर, एक बाई तर सरळ टाल्कम पावडर ओतत होत्या. नक्की काय करू? "नवीन घे" हा सल्ला सोडून काहीही सांगा.

बोरिवली_फास्ट
मी नेहमी मॉइश्चरायझर मिसळते. मस्त हलकं होतं. एवढं काय त्यात.

कोथिंबीरवडी
वाचतेय. माझ्याकडे उलटा प्रॉब्लेम, माझं राखाडी दिसतं.

रसायनी
बोरिवली_फास्ट, मॉइश्चरायझरने थर पातळ होतो, रंग बदलत नाही. नारिंगी पातळ केलं तरी पातळ नारिंगीच राहतं. फरक थोडासाच असेल तर पातळ थरात खपून जातो, म्हणून तुला मस्त वाटत असेल.

चाफेकळी, घाईने काही मिसळू नकोस. आधी हे सांग: घटकांच्या यादीत पहिली चार-पाच नावं कोणती? आणि मनगटावर एक थेंब घेऊन ओल्या बोटाने चोळून बघ. पाण्यात विरघळल्यासारखं पसरतं, की पाण्याचे थेंब वेगळे राहतात? तिसरं, सकाळच्या उजेडात खिडकीशी उभी राहून बघ की ते मानेपेक्षा गडद आहे, की गडद नाही पण नारिंगी आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि निम्मा घोळ लोक इथेच घालतात.

चाफेकळी
ताई, बघितलं. पहिलं पाणी, मग सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन, मग मोठमोठी नावं. ओल्या बोटाने पसरत नाही, पाणी मोत्यासारखं वेगळं राहतं. खिडकीत बघितलं तर फार गडद नाहीये. नारिंगी मात्र आहे, गाजरासारखं नाही म्हणणार, पण आहे.

रसायनी
छान, मग काम सोपं आहे. जरा सविस्तर लिहिते, रंगद्रव्यांच्या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून हात शिवशिवतोय.

कुठल्याही फाउंडेशनमध्ये रंग देणारी मंडळी मोजकीच असतात. पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि लाल, पिवळं, काळं अशी तीन आयर्न ऑक्साइड्स. डब्यावर नावं नसली तरी आकडे असतात: ७७८९१ म्हणजे पांढरा, ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. आयव्हरीपासून कोकोपर्यंत सगळ्या शेड या चौघांच्या प्रमाणातून निघतात. लाल आणि पिवळं जास्त आणि काळं कमी पडलं की नारिंगी. पांढरं जास्त पडलं की राखाडी.

आता लावल्यावर रंग का बदलतो. लोखंडाचा रंग हवेत आणखी गंजतो म्हणून चेहरा काळवंडतो, असं सर्रास सांगतात. लाल आणि पिवळं ऑक्साइड आधीच पूर्ण गंजलेलं असतं, त्याचं आणखी काय गंजणार? खरं कारण असं की तुझ्या बाटलीतलं सायक्लोपेंटासिलोक्सेन हे उडून जाणारं सिलिकोन आहे. ते उडालं की रंगाचा थर दाट होतो. त्यात चेहऱ्याचं तेल आणि घाम रंगाच्या कणांना भिजवतात, आणि भिजलेला कण कमी प्रकाश परतवतो. पहिल्या सरीत फुटपाथचे कोरडे पेव्हर ब्लॉक गडद दिसायला लागतात, तसंच. मुंबईच्या दमटपणात आणि लोकलच्या गर्दीत हे दिल्लीच्या हिवाळ्यापेक्षा लवकर होणार, त्यात तुझ्या त्वचेचा किंवा नणंदेचा दोष नाही.

म्हणून ताजं लावून शेड ठरवू नकोस. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान दोन्हींना शिवेल असा एक पट्टा ओढ, पंधरा-वीस मिनिटं काहीतरी काम कर, मग खिडकीत बघ. जो रंग तेव्हा दिसतो तोच खरा.

ओल्या बोटाची चाचणी यासाठी होती: यादीत पाणी पहिलं असलं तरी तुझं फाउंडेशन बाहेरून सिलिकोनचं आहे, पाणी त्याच्या पोटात आहे. त्यात पाण्याचं काही मिसळलंस, म्हणजे गुलाबपाणी, कोरफड जेल, जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर, तर फाटतं. हातावर दिसलं नाही तरी गालावर अर्ध्या तासात रबराच्या चुऱ्यासारखे गोळे सुटतात. सिलिकोनवाल्यात सिलिकोनवालंच मिसळायचं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारातलं दुसरं काही.

आणि पांढरं अजिबात नको. नारिंगीत पांढरं घातलं की फिकट नारिंगी होतं, पीचसारखं. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर टायटॅनियमचा पातळ थर थोडा निळसर-राखाडी दिसतो, तो वेगळा. म्हणजे एकाच चेहऱ्यावर नारिंगीही आणि भुरकटही. टाल्कम पावडर ओतणाऱ्या बाईंना माझा नमस्कार.

वडाची_साल
बाब्बो. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

कोथिंबीरवडी
मग घालायचं काय ते तर सांगा!

पडद्यामागे
निळा.

कोथिंबीरवडी
??

पडद्यामागे
जेवत होतो, म्हणून एका शब्दात उरकलं. आता लिहितो.

मी नाटकांची रंगभूषा करतो. व्यावसायिक कमी, एकांकिका आणि कामगार नाट्यस्पर्धा जास्त. आमच्याकडे पेटीत शेड पाच-सहा आणि समोर चेहरे पंधरा, त्यामुळे मिसळण्यावाचून गत्यंतर नसतं. रसायनीताईंनी सांगितलेलं शास्त्र मला माहीत नव्हतं, पण हात तेच सांगतो.

नारिंगीच्या समोर रंगचक्रात निळा असतो. दोघं एकमेकांना मारतात. नारिंगी फाउंडेशनमध्ये अगदी किंचित निळा गेला की त्याची भडक धग जाते आणि ते मातकट, म्हणजे माणसाच्या कातडीसारखं होतं. मूळचं पिवळं जास्त असेल तर निळ्याने ते जरा हिरवटपणाकडे झुकतं. आपल्यातल्या पुष्कळ लोकांचा रंग तसाच असतो, कोकणस्थांपासून कोळ्यांपर्यंत. त्यांना गुलाबी शेड दिली की ताप आल्यासारखे दिसतात.

बाकीचं थोडक्यात: फार गुलाबी असेल तर पिवळा, अगदीच लालबुंद असेल तर जरासा हिरवा. फार पिवळं असेल तर जांभळ्याचा स्पर्श. राखाडी असेल (कोथिंबीरवडी, हे तुमच्यासाठी) तर पीच किंवा नारिंगी करेक्टर. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला जो मिळतो तोच.

निळा "शेड अ‍ॅडजस्टर" किंवा "मिक्सर" म्हणून ट्यूबमध्ये मिळतो. रंगभूषेच्या सामानाच्या दुकानात मागा. रंग ७७००७ लिहिलेला असतो, अल्ट्रामरीन. एक ट्यूब घेतली की सासूपासून सुनेपर्यंत पुरते, कारण लागतो टूथपिकच्या टोकाएवढा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. थेंबभर निळा टाकलात तर नवरीऐवजी भुताची भूमिका मिळेल.

करायचं असं. स्टीलची ताटली घ्या, उलटी. हाताच्या पाठीवरही चालतं, पण तिथे कातडीचा रंग खालून डोकावतो आणि ऊबेने ते लवकर सुकतं. फाउंडेशनचे थेंब मोजून ठेवा, समजा दहा. टूथपिकला निळा लावा, ताटलीच्या कोपऱ्यात पुसा, जो उरेल तो मिसळा. पूर्ण घोटा, रेघ दिसता कामा नये. मग जबड्यावर तीन पट्टे: मूळ फाउंडेशन, एकदा निळा लावलेलं, दोनदा निळा लावलेलं. तिन्ही सुकू द्या. जो पट्टा सापडत नाही तो तुमचा.

लोक मिसळताना डोळे मिचकावून ताटलीकडे बघत बसतात. ताटलीत काही कळत नाही. चेहऱ्यावरही एकटा गाल बघायचा नाही, गाल आणि मान एका नजरेत आले पाहिजेत. आपल्याकडे बहुतेकांचा चेहरा मानेपेक्षा वेगळा असतो, तोंडाभोवती गडद, कपाळ गडद, गाल उजळ. मग नक्की कुठल्या रंगाला जुळवायचं? मी मान आणि गळ्याखालचा भाग धरतो. लग्नात ब्लाउजचा गळा उघडा असतो, फोटोत तोच चेहऱ्याशेजारी येतो.

खिडकीवाली_सीट
सकाळची लेडीज डब्यातली खिडकी हा सगळ्यात खरा आरसा आहे. ऑफिसच्या वॉशरूममधल्या ट्यूबलाइटमध्ये आपण सगळ्याच आजारी दिसतो.

पडद्यामागे
अगदी. उजेडाचं राहिलंच होतं. जुन्या नाट्यगृहांतले हॅलोजन दिवे पिवळे, ३२०० केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). दिवसाचा उजेड साडेपाच हजारांच्या वर. पिवळ्या दिव्यात नारिंगी फाउंडेशन छान तजेलदार दिसतं, शिवाजी मंदिरात मी बिनधास्त वापरायचो. तोच नट बाहेर चहाला आला की टपरीवाला हसायचा. आता सगळीकडे एलईडी आले, त्यांची तऱ्हा प्रत्येक हॉलमध्ये निराळी. चाफेकळीताई, लग्न दिवसाचं की संध्याकाळचं? हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर निळा जरा हात राखून घाला.

आणि फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यावर शेड ठरवू नका. तो स्वतःच रंग दुरुस्त करतो आणि कातडी गुळगुळीत करून दाखवतो.

गिरगावकर_आत्या
इतकं सगळं करण्यापेक्षा चिमूटभर हळद टाक गं. गुलाबीपणा जातो, शिवाय औषधी. आमच्या वेळी फाउंडेशन कुठे होतं, स्नो आणि पावडर. लग्नात हळदीचं तेजच पुरायचं.

रसायनी
आत्या, हळदीचं तेज मान्य, पण फाउंडेशनमध्ये नको. एक तर तिची अडचण गुलाबीची नाही, नारिंगीची आहे, हळदीने आणखी वाढेल. दुसरं, हळदीचा रंग कातडीत मुरतो. फाउंडेशन धुतलं तरी हळद राहते, तीही छिद्रांपाशी ठिपक्यांनी. शिवाय कण जाड असतात, कितीही वस्त्रगाळ केली तरी. आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूबरोबर जंतू येतात, बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह तेवढ्यासाठी मोजलेलं नसतं. कोको पावडर, कॉफी, खायचे रंग, सगळ्यांना हेच लागू.

वडाची_साल
मग निळ्यासाठी कपड्यांची नीळ चालेल का? (दिवा घ्या, म्हणजे गमतीने घ्या.)

रसायनी
दिवा घेतला, पण उत्तर देते, कारण कोणीतरी खरंच करेल. जुनी पुडीतली नीळ बहुतेक वेळा अल्ट्रामरीनच असायची, म्हणजे घराणं एकच. पण सौंदर्यप्रसाधनातल्या रंगाला आपल्याकडे मर्यादा आहेत: शिसं दहा लाखांत २० भागांपेक्षा जास्त नको, आर्सेनिक २ पेक्षा जास्त नको. सदऱ्याच्या निळीची अशी परीक्षा कोणी घेत नाही. आणि हल्लीची बाटलीतली पातळ नीळ हा तर विरघळणारा रंग आहे, चेहऱ्यावर बसला की बसला. पोस्टर कलर, अ‍ॅक्रिलिक वगैरेही त्याच कारणाने बाद.

घरात मॅट निळी आयशॅडो असेल, चमकीशिवायची, तर ती कण न राहता बारीक करून वापरून बघता येईल. काम चालतं, ट्यूबइतकं एकजीव होत नाही.

बोरिवली_फास्ट
मिक्सर कुठे मिळेल? क्रॉफर्डला?

खिडकीवाली_सीट
क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक दुकानांत मिळतो, दादरलाही रंगभूषेचं सामान ठेवणारे आहेत. फक्त स्वस्तात "ओरिजिनल" देणाऱ्यापासून सावध. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत पाहा. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक लेबलवर हवा. तो नसेल तर हसून पुढच्या दुकानात जायचं. जाताना भाव करायला आत्यांना बरोबर न्या.

गिरगावकर_आत्या
नेणार असाल तर सोमवार सोडून. सोमवारी माझा उपास असतो, चिडचिड होते.

सावळी_मी
थोडं अवांतर, पण इथेच लिहिते. सगळे सल्ले चांगले आहेत. मला एक विचारायचं आहे: पार्लरमध्ये नवरीला तिच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ लावायचं हे कोणी ठरवलं? माझ्या लग्नात मी तीनदा सांगितलं की माझ्या शेडचं लावा. "अगं फोटोत छान येतं" म्हणत त्यांनी त्यांचंच केलं. फोटोत हात माझे आहेत, चेहरा पाहुणीचा. तेव्हापासून मी स्वतःचं स्वतः करते. कुठल्याही कौटुंबिक समारंभात एक तरी काकू येऊन "थोडं उजळ लाव की" म्हणतेच.

म्हणून चाफेकळी, मिसळताना "उजळ" हे ध्येय ठेवू नकोस. नारिंगी घालवायचंय, बस्स.

कोथिंबीरवडी
सावळी, १०० वेळा अनुमोदन. २०१७ साली फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेड काढल्या तेव्हा कुठे बाकीच्यांना जाग आली. आपल्या दुकानांत अजूनही गोऱ्या शेड सहा आणि सावळ्या दोन, त्यातली एक संपलेली.

पडद्यामागे
सावळीताई, फोटोत उजळ लावावं लागतं हे खरं नाहीच. उलट फ्लॅशने गोची होते. सनस्क्रीनवाल्या फाउंडेशनमधलं टायटॅनियम आणि झिंक, आणि वरून मारलेली पांढरी सिलिका पावडर, फ्लॅशचा उजेड परत फेकतात. आरशात ठीक असलेला चेहरा फोटोत पिठूळ. लग्नाच्या आधी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा, तेवढ्यासाठी फोनचा मागचा कॅमेरा चालेल.

नवरीच्या पार्लरवाल्यांबद्दल मी बोलत नाही, धंदाबंधू आहेत.

चाफेकळी
निळी ट्यूब आणली! दादरला मिळाली. ताटली उलटी करून बसले तेव्हा नवरा म्हणाला, "पापड लाटतेस का?" तीन पट्टे ओढले. एकदा निळा लावलेला पट्टा सुकल्यावर खरंच दिसेना, मुलीला विचारलं तर तिने दुसऱ्याच जागी बोट ठेवलं. दोनदा निळा लावलेला जरा मळकट वाटला.

आता दोन शंका. सगळी बाटली एकदाच मिसळून ठेवली तर? रोज सकाळी ७:४० च्या आधी ताटली-टूथपिक जमणार नाही. आणि दुसरं, सनस्क्रीनही त्यातच मिसळलं तर एक काम वाचेल का?

रसायनी
दोन्हींना नाही, पण कारणं वेगळी.

बाटलीत मिसळलंस आणि चुकलं तर मागे येता येत नाही. शिवाय तुझा रंग वर्षभर एक राहत नाही; मे महिन्यात दुपारी स्टेशनपर्यंत चालणारीचा आणि पावसाळा संपताना तिचाच, यात फरक पडतो. मधला मार्ग: स्वच्छ कोरड्या छोट्या डबीत आठवड्याचं मिसळून ठेव. बोट न घालता चमच्याच्या दांडीने काढ. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि १२ किंवा २४ असा आकडा असतो, उघडल्यापासूनचे महिने. तो न उघाडलेल्या-न ढवळलेल्या मालासाठी आहे, तुझ्या डबीसाठी नाही.

सनस्क्रीनचं: त्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजतात. फाउंडेशनमध्ये मिसळलं की तेवढं सनस्क्रीन चेहऱ्यावर जातच नाही, आणि दोन्हींची घडण एकमेकांत बिघडते. आधी सनस्क्रीन, ते बसू दे, चहा पी, मग फाउंडेशन.

चाफेकळी
"न उघाडलेल्या-न ढवळलेल्या" म्हणजे? उघडल्यानंतरचेच महिने ना ते?

रसायनी
हो हो, उघडल्यानंतरचेच. मला म्हणायचं होतं, ज्यात बाहेरचं काही मिसळलेलं नाही अशा मालासाठी.

कोथिंबीरवडी
पीच करेक्टरने माझं राखाडी गेलं. पडद्यामागे, धन्यवाद. फक्त तीन भाग फाउंडेशनला एक भाग करेक्टर लागलं, टूथपिकने काहीच झालं नाही.

पडद्यामागे
करेक्टर क्रीम असतं, त्यात रंग मिक्सरइतका दाट नसतो, म्हणून जास्त लागतं. निळ्याचा नियम सगळीकडे लावू नका. तुमचं फाउंडेशन पाण्याचं आहे का सिलिकोनचं ते बघितलंत ना? क्रीम करेक्टर तेलकट असेल तर पाण्याच्या फाउंडेशनमध्ये मिसळण्यापेक्षा आधी करेक्टर पातळ लावा, वर फाउंडेशन थोपटा.

बोरिवली_फास्ट
आणि ज्यांचं नुसतंच गडद आहे, नारिंगी नाही, त्यांनी?

पडद्यामागे
त्याच प्रकारातली एक उजळ शेड घेऊन दोन्ही मिसळा. उन्हाळ्यात गडद जास्त, हिवाळ्यात उजळ जास्त, वर्षभर पुरतात. दुसरी बाटली घ्यायची नसेल तर गडद फाउंडेशन फक्त चेहऱ्याच्या कडांना, गालाच्या हाडाखाली आणि नाकाच्या बाजूंना वापरा, मधे उजळ कन्सीलर. फार गडद असेल तर मग ते एकांकिकेसाठी मला पाठवा, आमच्याकडे एक दरोडेखोर आहे.

चाफेकळी
लग्न झालं. हॉलमध्ये दिवे पिवळे होते, पडद्यामागे दादांनी सांगितल्याप्रमाणे निळा जरा कमीच ठेवला. फ्लॅशची चाचणी केल्यावर वरची पांढरी पावडर रद्द केली, नुसतं टिश्यूने टिपत राहिले. जेवणाच्या पंगतीपर्यंत नाकावर चमक आली, पण रंग मानेचाच राहिला.

नणंद खूश. म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं तुला हीच शेड शोभेल?" पुढच्या वेळी येताना आणखी दोन बाटल्या आणतेय.